हैबती जमादाराची शिस्त

परवा जावई जेवायला आला होता. हापिसातल्या नव्या साहेबांचं कौतुक त्याला आवरत नव्हतं.

"मामा, साहेब एकदम कडक हं! पण हापिसाला शिस्त काय लावलीय!"

"शिस्त म्हणजे केलं काय?" मी विचारलं.

"ते आले की सगळे उभे राहतात. ते जाईपर्यंत कुणी जागचं हलत नाही. त्यांच्यापुढं तोंड उघडायची कुणाची टाप नाही."

"आणि काम?"

जावई माझ्याकडं बघतच राहिला. म्हाताऱ्याला ऐकू कमी आलं असं त्याला वाटलं असावं. जावई पडला म्हणून मी पुढं बोललो नाही, मुलगा असता तर ताटावरनं उठवला असता. शिस्त हा शब्द कुणी असा मिटक्या मारत उच्चारला की माझ्या डोळ्यांपुढं हैबती जमादार येऊन उभा राहतो. 

गोष्ट महाराजांच्या राज्यातली. महाराजांना घोड्यांचा नाद, म्हणून कोल्हापुरातल्या प्रत्येक मानकऱ्याला घोड्यांचा नाद. काहींचा खरा होता, काहींचा दाखवण्यापुरता. आमच्या सरकारांचा दाखवण्यापुरता. सरकार म्हणजे ज्या मानकऱ्यांच्या चाकरीत मी होतो ते. रंकाळ्याच्या वाटेवर त्यांची पागा होती. मी तिथं चंदी-वैरणीचा, म्हणजे घोड्यांच्या दाण्या-चाऱ्याचा कारकून, आणि हैबती जमादार पागेचा मुख्य. तोंडावर सगळे 'हैबतराव' म्हणायचे. पाठीमागं काय म्हणायचे ते इथं लिहिता येणार नाही.

माणूस बुटका, मान आखूड, मिशा मात्र दोन माणसांना पुरतील एवढ्या. पायात कुठल्यातरी गोऱ्या साहेबानं टाकून दिलेले बूट घालायचा. ते त्याच्या मापाचे नव्हते. चालताना टाच आधी पडायची आणि मग बूट पडायचा. तो आवाज फाटकापाशी आला की घोड्यांची निगा राखणारे पागेतले सगळे मोतद्दार हातातलं काम टाकून ओळीनं उभे राहायचे. घोडं घासायचा खरारा अर्धा राहायचा, पाण्याला निघालेलं घोडं वाटेत थांबायचं. ओळीतल्या प्रत्येकानं रामराम घालायचा आणि हैबतीनं एकाचाही घ्यायचा नाही, हा तिथला रिवाज. मी नवा होतो तेव्हा मला वाटलं, याला ऐकू येत नाही की काय. रुद्राप्पा नावाचा नेसरीकडचा मोतद्दार होता, तो माझ्या कानाशी लागून म्हणाला, "यप्पा, कान हाईत की. रामराम घेटला तर मोठेपना कमी हुतोय त्येचा."

पागेचा जमादार, पण घोड्याच्या तोंडाकडं बघताना मी त्याला फारसा पाहिला नाही. तो माणसांच्या तोंडाकडं बघत जायचा. कोण घाबरलंय, कोण घाबरलेलं नाही, आणि जो घाबरलेला नाही त्याला कसा घाबरवायचा, एवढाच त्याचा सकाळचा फेरा. फेरा संपला की ओट्यावर बसून पान लावायचा आणि सुपारी कातरता कातरता दिवस संपवायचा. तो उठल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही. तो का उठत नसे? तर सरकारांची बग्गी परत येईपर्यंत त्यानं उठायचं नाही, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. सरकारांनी तसं कधी सांगितलं नव्हतं. एकदा बग्गी दोन दिवस परगावी गेली होती. तेव्हा आम्ही सगळे वेड्यासारखे दोन्ही रात्री त्याचा डोळा लागेपर्यंत त्याच्या सुपारीकडं बघत बसलो होतो.

त्याची दोन वाक्यं होती. तुम्ही काही आपण होऊन केलंत की तो म्हणायचा, "मला इचारलं हुतंस?" आणि विचारायला गेलात की म्हणायचा, "येवढंबी कळत न्हाय? मला कशाला इचारतुयास?" या दोन वाक्यांच्या मधे पागेतल्या सगळ्या माणसांचं आयुष्य गेलं. शेवटी ते सगळे एकाच निष्कर्षाला आले होते, की करायचंही नाही आणि विचारायचंही नाही.

खोटं वाटतं? मग हौदाची गोष्ट ऐका.

पागेत घोड्यांना पाणी प्यायचा मोठा दगडी हौद होता. एका उन्हाळ्यात त्याला चीर गेली आणि पाणी झिरपायला लागलं. एका मोतद्दारानं चुना कालवून चीर बुजवली. शहाणपणाचं काम. हैबतीनं त्याला बोलावलं. "मला इचारलं हुतंस?" झालं, त्याला शिक्षा. पुढं दुसऱ्या बाजूनं पाणी यायला लागलं. आता दुसरा मोतद्दार शहाणा झाला होता, तो विचारायला गेला. "जमादार, हौद गळतुया. चुना लावू व्हय?" हैबतीनं डोळे वटारले. "आरं, येवढंबी कळत न्हाय?" त्यालाही शिक्षा. तिसऱ्यांदा हौद गळायला लागला तेव्हा कुणीच काही केलं नाही. सगळे चिखलातनं पाय उचलत जायचे. हैबतीही जायचा. आणि या गृहस्थानं काय करावं? स्वतःचे बूट भिजू नयेत म्हणून त्या चिखलात एक सपाट धोंडा टाकून घेतला! पुढचा पाऊस पडेपर्यंत हौद गळत होता आणि जमादार त्या धोंड्यावरनं ऐटीत ये-जा करत होता. मी दुप्पट पाणक्यांचा रोज लिहीत होतो. एकदा न राहवून मी त्याला म्हणालो, "हैबतराव, गवंडी बोलवू का?" तर म्हणे, "कारकुनानं कारकुनाचं बगावं." एवढं म्हणून पिंक टाकली.

आता ती शिक्षा कोणती, ते सांगायला हवं. पागेच्या अंगणात एका खुंटीवर एक जुनं खोगीर टांगलेलं असायचं. जाड, घामानं काळं पडलेलं, लोखंडी रिकिबी लोंबणारं. चुकलेल्या माणसाच्या पाठीवर ते खोगीर टाकायचं, छातीखालनं तंगाचा पट्टा आवळायचा आणि त्याला अंगणात उन्हात वाकून उभं करायचं. हैबती सोड म्हणेपर्यंत. माणसाला घोडं करायचं, म्हणजे त्याला घोड्याची किंमत कळते, असं त्याचं तत्त्वज्ञान. घोड्याला उन्हात असं उभं केलं तर मोतद्दाराला हाकलून देतील, हा विचार त्याच्या डोक्यात कधी आला नाही.

सगळ्यात वाईट नियम पुढंच होता. घोडं आजारी आहे, लंगडतंय, चंदी खात नाही, ही खबर जो पहिल्यांदा सांगेल त्याच्या पाठीवर आधी खोगीर जायचं. मग खबर ऐकली जायची. का? तर घोडं आजारी पडेपर्यंत तू काय झोपला होतास? दुसऱ्यानं सांगितली तर त्याच्या पाठीवर. म्हणून पागेत कुणालाच कुठलं घोडं आजारी दिसायचं नाही. आजार आपोआप बरा झाला तर झाला, नाहीतर घोडं आडवं पडल्यावर सगळ्यांना एकदम दिसायचं. एकदम दिसलं की पहिला कोण, हे ठरत नाही ना!

हे सगळं हैबतीनं शोधून काढलं असंही नाही. एवढी अक्कल त्याच्याजवळ कुठली! एकदा शिमग्याला जरा खुशीत होता, तेव्हा त्यानंच मला सांगितलं. त्याच्या आधीचे जे थोरले जमादार होते, त्यांचं हे खोगीर. हैबती पोरसवदा मोतद्दार होता तेव्हा त्याच्या पाठीवर ते इतक्या वेळा चढलं होतं की तंगाचे वळ उन्हाळ्यात खाजायचे म्हणे.

"एकदा तर भोवळ येऊन पडलोतो," तो म्हणाला. "थोरल्यांनी तोंडावर पानी मारलं आनि पुन्ना हुबा केला. तवा लई रडू आलं. मनात म्हनलं, मी जमादार झालो तर हे खोगीर चुलीत घालीन."

"मग घातलं नाहीत ते?"

तो हसला. मी कारकून असलो तरी कच्चाच आहे, असं काहीतरी त्याच्या हसण्यात होतं. "आवं, त्येच्यामुळंच तर मानूस झालो मी! तवा कळत न्हवतं."

माणूस झाला म्हणे! मी त्या मिशांकडं, त्या बुटांकडं बघितलं आणि तिथनं उठून गेलो. एखाद्याला लहानपणी मार बसला म्हणून त्याची कीव करावी, हे मला कळतं. पण त्याच माराला तो मोठेपणी देव्हाऱ्यात बसवतो आणि दुसऱ्यांच्या पाठीवर नैवेद्य दाखवतो, त्याची कीव माझ्याच्यानं होत नाही.

त्याचंच कौतुक वर सरकारांना होतं, हेही सांगतो. एकदा आमच्या पागेचं घोडं शर्यतीत पहिलं आलं. हार कुणाच्या गळ्यात पडला? हैबतीच्या. घोड्याच्या मोतद्दाराला त्या दिवशी पटांगणाच्या आतसुद्धा येऊ दिलं नव्हतं. सरकार अधूनमधून पागेत यायचे, ओळीत उभी राहिलेली माणसं बघायचे, अंगणात खोगिराखाली वाकलेला कुणीतरी बघायचे आणि म्हणायचे, "वा हैबतराव, पागेत शिस्त आहे हं." त्यांना हौद गळताना कधी दिसला नाही. ते यायच्या दिवशी त्या ओलीवर वाळू पसरलेली असायची.

आता दस्तगीर. तो उचगावचा. रोज पहाटे चालत यायचा. माणूस अबोल, पण घोड्यांशी दिवसभर काहीतरी पुटपुटत असायचा. मैना नावाची घोडी होती, तिला त्यानं शिंगरू असल्यापासून वाढवलं होतं. पागेतली सगळ्यात देखणी घोडी ती. दसऱ्याच्या स्वारीत सरकार तिच्यावर बसायचे, म्हणून सरकारांचाही तिच्यावर जीव, म्हणजे दसऱ्यापुरता. दस्तगीर तिला 'बेटी' म्हणायचा. दुसरं कुणी तिच्या ठाणात, म्हणजे तिच्या बांधायच्या जागेत गेलेलं त्याला खपायचं नाही.

त्या वर्षी पावसाळ्यात दस्तगीरला हिवतापानं धरलं. नवरात्रात तो कामावर परत आला, पण नुसता हाडांचा सापळा. शिडीवर चढताना मधे थांबायचा. रुद्राप्पा आणि बाकीचे त्याच्या वाट्याची जड कामं गुपचूप उरकून टाकायचे. माणसं चांगली होती हो. एवढ्या घाणीतसुद्धा चांगली राहिली होती.

खंडेनवमीचा दिवस. त्या दिवशी हत्यारांची आणि घोड्यांची पूजा असते. सरकार स्वतः पागेत येऊन घोड्यांना कुंकू लावणार होते. मला हैबतीनं आदल्या दिवशीच वैरणीच्या गाड्या आणायला पिटाळलं होतं, म्हणून सकाळचं मी डोळ्यांनी बघितलं नाही. नंतर रुद्राप्पानं मला एकेक गोष्ट सांगितली. सांगताना त्यानं स्वतःच्या तोंडात मारून घेतलं होतं.

सकाळी दस्तगीर मैनाच्या ठाणात गेला, तर रात्रीची चंदी तशीच पडलेली. घोडी पुढच्या पायानं जमीन उकरत होती, वळून वळून आपल्या पोटाकडं बघत होती, अंगाला घाम. पोटात शूळ उठला होता. घोड्याच्या पोटात शूळ उठला तर वेळ घालवून चालत नाही, हे पागेतल्या शेणकुटाला सुद्धा ठाऊक असतं. लगेच फिरवावं लागतं, औषध द्यावं लागतं. गावात घोड्यांचे डॉक्टर होते, बोलावलं की लगेच यायचे. पण बोलवायचं कुणी? जमादारानं. आणि जमादाराला सांगायचं कुणी?

दस्तगीरनं सांगितलं. पाठीवर काय चढणार हे त्याला माहीत होतं, आपल्या अंगात किती ताकद उरलीय हेही माहीत होतं. तो सरळ ओट्याकडं गेला. हैबती फेटा बांधत होता.

"जमादार, मैनाच्या पोटात दुखतंय. डागदराला बोलवा. लगेच बोलवा."

"आज?" हैबती म्हणाला. "सरकार येनार, आनि आज दुखतंय व्हय?"

"ती काय दीस बगून दुखनार हाय का जमादार? हात जोडतो. मला काय करायचं ते करा, पर डागदर बोलवा."

"आदी खोगीर," हैबती म्हणाला. "मग बगतो."

इकडं दस्तगीर ओट्याकडं गेलाय हे बाकीच्यांना ठाऊक नव्हतं. रुद्राप्पा पाण्याची घागर घेऊन मैनाच्या ठाणावरनं गेला, तर त्याला तेच दिसलं. पडून राहिलेली चंदी, उकरलेलं गवत, घाम. त्याच्या मनात पहिला विचार काय आला? दस्तगीरची घोडी, म्हणजे तोच सांगायला जाणार आणि त्याच्याच पाठीवर खोगीर. तापातनं उठलेला माणूस, मरून जाईल. म्हणून त्यानं काय केलं, तर गव्हाणीतली चंदी पाटीत भरून दुसऱ्या घोड्यांपुढं टाकली. त्याच्या मागनं आणखी एक मोतद्दार आला, त्यानं खालचं उकरलेलं गवत काढून नवं पसरलं. तिसऱ्यानं मैनाचं अंग पुसून कोरडं केलं, गळ्यात झेंडूची माळ घातली. कुणी कुणाला काही बोललं नाही. सगळ्यांनी मिळून आपल्या मित्राला वाचवलं!

आणि मग हैबती मैनाच्या ठाणात आला. पाठीवर खोगीर बांधलेला दस्तगीर त्याच्या मागं.

शूळ असा येतो-जातो, मधे घोडं जरा निवांत होतं. मैना त्या वेळी उभी होती, गव्हाण रिकामी, खाली ताजं गवत, गळ्यात माळ.

"ही आजारी व्हय रं?" हैबती म्हणाला. "चंदी फस्त केली की हिनं. सनाच्या दिवशी खोटं बोलतुयास? दस्तगीर, चल, अंगनात हुबा ऱ्हा."

दस्तगीर त्या रिकाम्या गव्हाणीकडं बघतच राहिला. मग त्यानं बाकीच्यांकडं बघितलं. रुद्राप्पा मला म्हणाला, "त्येनं जे बगितलं ना, ते मी मरेस्तवर इसरनार न्हाय." पण तोंड कुणीच उघडलं नाही. उघडलं असतं तर चंदी हलवल्याची शिक्षा वेगळी, आणि आजार लपवल्याची वेगळी. इतक्या वर्षांची सवय. जीभ टाळ्याला चिकटूनच बसायची त्यांची.

सरकार आले. घोड्यांना कुंकू लावलं. मैनाच्या कपाळाला लावताना म्हणाले म्हणे, "आज फार शांत आहे ही." अंगणात वाकून उभा असलेला माणूस बघून विचारलं, "हा कोण?"

"कामचुकार हाय, सरकार."

सरकारांनी मान हलवली. प्रसादाचे पेढे वाटले गेले.

मी वैरणीच्या गाड्या घेऊन फाटकात शिरलो तेव्हा सरकारांची बग्गी नुकतीच गेली होती. नवरात्रातलं ऊन कसं असतं, ते काय सांगायला हवं! अंगणाच्या मधोमध दस्तगीर वाकून उभा होता. त्याचे पाय लटलटत होते आणि नाकाच्या शेंड्यावरनं घाम टपटप गळत होता. मी काही विचारायच्या आत मैनाच्या ठाणातनं आवाज आला. घोडं असं ओरडतं हे मी त्याआधी ऐकलं नव्हतं, नंतरही ऐकायची वेळ आली नाही. ती आडवी पडून लोळत होती, पाय झाडत होती. दस्तगीर पाठीवरच्या खोगिरासकट धावला. रिकिबी त्याच्या बरगड्यांवर आपटत होत्या. तसाच तो तिच्या डोक्याशी जाऊन बसला आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं. "बेटी, बेटी" एवढंच म्हणत होता.

मी एका गाडीवानाला डॉक्टरांकडं पळवला. हैबती मागनं ओरडलाच, "मला इचारलं हुतंस?" मला तेव्हा त्याच्या मिशा उपटाव्याशा वाटल्या. "तुमच्या बापाला विचारतो," म्हणालो. कारकुनाच्या तोंडाला ते शोभत नव्हतं, पण मला त्याचं आजही काही वाटत नाही. रुद्राप्पा रडत रडत पुढं आला आणि त्यानं दस्तगीरच्या छातीखालचा तंग सोडला. खोगीर गवतावर पडलं. 

डॉक्टर आले तेव्हा मैना गेली होती. त्यांनी तिच्या पोटावरनं हात फिरवला आणि चिडून विचारलं, "हे सकाळपासनं चाललंय. सकाळी का नाही बोलावलंत?"

"मला कुनी सांगितलंच न्हाय," हैबती म्हणाला.

शपथेवर सांगतो, अगदी अशा शब्दांत म्हणाला. ज्यानं सांगितलं होतं तो तिथंच बसलेला, त्याच्या अंगरख्यावर तंगाची काळी रेघ उमटलेली, आणि हा डॉक्टरांच्या डोळ्याला डोळा देऊन म्हणाला, मला कुणी सांगितलंच नाही. तंग सोडताना रुद्राप्पानं मला थोडक्यात सगळं सांगितलं होतं. मला किळस आली. मी म्हणालो, "डॉक्टर, सांगितलं होतं. हा माणूस उन्हात उभा होता तो त्याच्याचसाठी." डॉक्टरांनी हैबतीकडं बघितलं, मग दस्तगीरकडं बघितलं. पण ते बाहेरचे. ते काय करणार? बॅग उचलून गेले.

दस्तगीरनं मैनाच्या गळ्यातली झेंडूची माळ काढली, तिचं डोकं हलक्या हातानं खाली ठेवलं, खांद्यावर पंचा टाकला आणि फाटकाकडं चालू लागला. हैबतीनं हाक मारली, थांबवायचा प्रयत्न केला. त्यानं मागं वळून बघितलं नाही. त्यानंतर तो पागेत पुन्हा आला नाही.

हैबतीला काय झालं, असं विचाराल. काही नाही झालं. सरकारांना त्यानं सांगितलं की मोतद्दाराच्या हयगयीनं घोडी गेली आणि मोतद्दार पळून गेला. सरकारांनी नवी घोडी घेतली. मी जाऊन खरं काय ते सांगितलं, तर सरकार म्हणाले, "कारकून, पागा जरबेनंच चालते." एवढ्यावर मी तिथली चाकरी सोडली. हैबती पुढं कितीतरी वर्षं जमादार राहिला, मानानं निवृत्त झाला. त्याच्या जागी रुद्राप्पा आला. तुम्हाला वाटेल, रडलेला माणूस तो, त्यानं तरी ते खोगीर चुलीत घातलं असेल. मलाही वाटलं होतं. एकदा त्या वाटेनं गेलो तर अंगणात कुणीतरी वाकून उभं होतं. मी आत गेलो नाही.

दस्तगीरनं पुढं टांगा घेतला. स्वतःची घोडी, स्वतःचा टांगा. स्टेशनाबाहेरच्या अड्ड्यावर उभा असायचा. मला कधी उचगावकडं जायचं झालं की मी त्याच्याच टांग्यात बसायचो. पागेचा विषय आम्ही काढायचो नाही.

असाच एकदा गेलो, तर दस्तगीर टांग्याशी उभा राहून घोडीच्या तोंडासमोर दाण्याचा तोबरा धरत होता. घोडी तोंड बाजूला करत होती. तोबरा भरलेलाच होता.

"आज न्हाय जायाचो, कारकूनसाहेब," तो मला म्हणाला. "हिनं चंदी टाकलीया. घरला नेतो तिला, बगतो काय हुतंय ते."

मी बरं म्हणालो. तेवढ्यात मागनं बुटांचा आवाज आला. हैबती. म्हातारा झाला होता, मिशा पांढऱ्या, पाठीत वाकलेला, पण तोऱ्यात काही कमी नव्हतं. कळंब्याला लेकीकडं निघाला होता.

"चल रं, कळंब्याला," म्हणत तो पाय टाकून टांग्यात चढलाच.

दस्तगीरनं त्याच्याकडं बघितलं. ओळखलं, हे मला दिसलं.

"टांगा जायाचा न्हाय, पावणं," तो म्हणाला.

हैबतीच्या मिशा थरथरल्या. "पावनं कुनाला म्हनतुयास? मी हैबतराव जमादार. तू आमच्या पागंतलाच न्हवं? वळकलं न्हाईस व्हय मला?"

"वळकलं की. पर घोडी चंदी खाईना. जायाचा न्हाय."

हैबतीनं टांग्यातनं वाकून तोबऱ्याकडं बघितलं आणि हसला. अगदी मनापासून, जुन्या आठवणीनं सुखावल्यासारखा हसला.

"आरं खुळ्या, चंदी खाल्ली न्हाय तर वतून टाकायची! कुनाला कळतंय? आमी काय करत हुतो? थोरलं जमादार यायच्या आदी गव्हानीत दाना ऱ्हाऊ द्यायचो न्हाय. खाली नवं गवत पसरायचं, आंग पुसून कोरडं करायचं, झालं! आजारी घोडं तेजीत दिसायचं बग. समदी पागा करायची. मी तर पटाईत हुतो त्यात."

दस्तगीरचा हात घोडीच्या मानेवर थांबला. मग तो हळूच म्हणाला, "म्हंजे रिकामी गव्हान बगून तुमास्नी समजलं हुतं. त्या दिशी."

"कंच्या दिशी?" हैबतीनं विचारलं.

त्यानं खरंच विचारलं हो. मी त्याच्या तोंडाकडं निरखून बघत होतो. लबाडी असती तर मला ती दिसली असती, तेवढा मी त्याला ओळखत होतो. त्याला आठवतच नव्हतं.

दस्तगीरनं घोडीचा साज उतरवला, टांग्याची दांडी जमिनीला टेकवली आणि दोरी धरून घोडीला हळूहळू चालवत उचगावच्या रस्त्याला लागला. मी त्याच्याबरोबर चालत गेलो. वळणावर मागं बघितलं तर तिरक्या झालेल्या रिकाम्या टांग्यात हैबती जमादार कठडा धरून बसला होता आणि "ए! आरं ए!" म्हणून ओरडत होता. दस्तगीरचं नाव काही त्याला शेवटपर्यंत आठवलं नाही.